दोर तुटला नव्हता

प्रिय उमेश,

शेवटचा पीळ चिवट निघाला. कोयता दोनदा घसरला, मग दोर सुटला आणि तुझ्या टेम्पोच्या फाळक्यावर आपटून खाली पडला. होय, बाबांच्या होडीच्या नांगराचा दोर. तू भरलेली गाडी आमच्या दुकानामागे लावून मुक्कामाला धाकटी डहाणूला गेलास, त्यानंतर कापला. दिवसाउजेडी. समोरचा चहावाला लाहू ओरडला, "वहिनी, भावाशी भांडण असेल तर टायर फोडा त्याचा, दोराने काय केलंय?" सगळ्यांना हेच वाटतं. दोराने काय केलंय. यंत्राची काळजी करू नकोस, ते ठोकळ्यांवर बसलंय. उभ्या गाडीत सगळंच नीट बसतं.

दुपारी तू उतरलास तेव्हा मी एवढंच विचारलं, गंजाडहून भातगिरणीचं यंत्र आणलंस ते बांधलंस कशाने. तू दोरावर थाप मारून हसलास. "बाय, याने बाबांची होडी वादळात धरली. तुझे पट्टे गुजरातच्या शेठांना विक." अच्छाडच्या नाक्यावर मी माल बांधायचे पट्टे, साखळ्या, ताडपत्र्या विकते, आणि माझ्या भावाला वाटतं मी त्याला गिऱ्हाईक करतेय. शेजारच्या ढाब्यावरचे चारजण हसले. तूही त्यांच्यासाठीच बोललास.

होडी त्या दोराने का धरली, ते बाबांनी आपल्या दोघांना सांगितलं होतं. लाट आली की दोराने थोडं द्यायला हवं, नाहीतर नांगर उपटतो. नायलॉन ताणला जातो, म्हणून होडी राहते. रस्त्यावर लाट नसते, उमेश. रस्त्यावर ब्रेक असतो. ब्रेक लागला की दोर वीतभर देतो, आणि लोखंडाला वीतभर पुरते. होडी विकून तू टेम्पो घेतलास, पण डोकं अजून खाडीतच ठेवलंस.

त्या खेपेला तलासरीच्या अलीकडे पुढचा ट्रेलर थांबला, तू ब्रेक मारलास, आणि याच दोराने बांधलेली लेथ सरकून केबिनमध्ये घुसली. दवाखान्यात येईल त्याला तू सांगत होतास, दोर तुटला नाही, दोर तुटला नाही. वस्तीतले सगळे तो दोर बघून गेले. एक धागा तुटला नव्हता. मग दोष कुणाचा? तुझ्या भाऊजींचा. शेजारच्या सीटवर पाय पसरून बसले होते म्हणे. आईने नारळ फोडला आणि दोराला कुंकू लावलं. माझ्या नवऱ्याचा गुडघा आता वाकत नाही, आणि कुंकू दोराला! मी तिथे उभी होते. प्रसादाचं खोबरंही माझ्या हातावर ठेवलं तिने. ते मी खाल्लं नाही, एवढंच.

हौद्यात चार पट्टे ठेवलेत. निळं लेबल शिवलेले, म्हणजे पॉलिस्टरचे; ते फारसे ताणले जात नाहीत. किती भार झेपतो ते लेबलवर आहे, वाच. लेबल फाटलेला पट्टा मी कुणाला विकत नाही, मग तो कितीही नवा दिसो. यंत्राच्या कडा धारदार आहेत, तिथे सोबतचे रबराचे तुकडे घाल, नाहीतर पट्टा आतून कापला जातो आणि वरून कळत नाही. दोन पुढून, दोन मागून, फुली करून. पट्ट्याचा खटका घट्ट होईपर्यंत ओढ. भिलाडला थांबून पुन्हा ओढ, तोवर माल खाली बसलेला असतो. आणि गाठ मारू नकोस. खाडीवरच्या माणसाला गाठ मारल्याशिवाय काही बांधलंय असं वाटतच नाही. गाठ मारलेला पट्टा निम्माच उरतो. ही भेट नाही. माया तर नाहीच.

उद्या तू एकटा जाणार असतास, तर भांडून गप्प बसले असते. पण काल तुझे भाऊजी बूट पुसत बसले होते. विचारलं तर म्हणाले, उमेशने बोलावलंय, वापीपर्यंत, नुसतं बसायचं तर आहे. बरं होऊन उठल्यापासून त्यांना कुणी कुठे बोलावलेलं नाही. ते लहान मुलासारखे खूश आहेत. त्यांनी तुझ्याकडे कधी बोट दाखवलं नाही, आणि तू त्याचा अर्थ तुझं काही चुकलं नाही असा घेतलास. उद्या ते त्याच सीटवर, पाठीमागे तेवढंच लोखंड घेऊन बसणार आहेत. मी त्यांना अडवू शकत नाही. दोर मात्र कापू शकत होते.

तुझीच, ते काही बदलता येत नाही,
दक्षा

सकाळी तू आलास, दोराचे तुकडे पाहिलेस. चारही पट्टे बांधलेस, कडांना रबर घालून. मग बाबांचा दोर गाठी मारून जोडलास आणि वरून टाकलास. तो सैल होता. मी राहू दिला. तुझ्या भाऊजींनी एकेक पट्टा दाबून पाहिला आणि मग ते डावीकडून चढले. गाडी गेली. हे पत्र तुझ्या हातात दिलंच नाही, आता पोस्टात टाकते आहे.