रविवारची गाडी

१८ मार्च १९८९
ग्रां प्रीची गाडी तयार. खरा खर्च: मॉर्टाडेला सॉसेज कापायची यंत्रं बनवायची माझी अर्धी शेड, बायको इरिदेची समुद्रावरची सुट्टी आणि तिच्या भावाशी असलेलं बरं नातं. नातं मुळात फार नव्हतंच. एकूण स्वस्तात पडली.

हा भाऊ, नेविओ, आमचा इंजिनियर. जेवताना म्हणाला, दाजी, वर्षभरात एका रविवारी तरी ही शर्यतीत उभी राहिली नाही, तर शेड माझी आणि तिथे पुन्हा मॉर्टाडेलाची यंत्रं. मी लगेच हात पुढे केला. इरिदे म्हणाली, हात धुऊन या आधी.

फादर एजिदिओंना सांगून टाकलं, या वर्षी चर्चमध्ये मिस्साला माझी वाट पाहू नका, रविवारी मी शर्यतीत असेन. ईस्टरला तर ब्राझीलमध्ये. म्हणाले, तरी जागा ठेवतो. खवचट.

२४ मार्च, रिओ
लहान टीमना रविवारच्या शर्यतीसाठी पात्र ठरायला शुक्रवारी सकाळी आठला एक तास देतात. पहिल्या चारांत आलात तर पुढे, नाहीतर सामान बांधा. आम्ही शेवटून दुसरे. शेवटच्याची गाडी सुरूच झाली नाही. गुड फ्रायडेला कोणाचं भलं झालंय? नेविओ म्हणाला, दाजी, विमान रात्रीचं आहे, समुद्र तरी बघून घ्या.

२६ मार्च
ईस्टर. मिस्साला गेलो. फक्त विश्रांती म्हणून.

१९ एप्रिल
परवा इमोला. घरची शर्यत. गावासाठी दोन बस ठरवल्या.
संकल्प: नेविओवर ओरडायचं नाही.

२१ एप्रिल, इमोला, सकाळी पावणेदहा
कारण नीट लिहून ठेवायला हवं. आशीर्वादाशिवाय घरच्या शर्यतीत गाडी बाहेर काढायची नाही, हा माझा नियम. फादर पवित्र पाणी घेऊन आले. मीच म्हणालो, रंगावर नको, रंग चांगला आहे, इंजिनाला द्या. झाकण काढायला लावलं. फादरांचा हात सढळ. नेविओ ओरडला, दाजी, तिथे इग्निशन आहे. मी म्हणालो, मग तिथेच जास्त गरज आहे.

गाडी दोन वळणं खोकत गेली आणि थांबली. गाव कठड्याला टेकून बघत होतं. नेविओ सर्वांच्या देखत म्हणाला, बाप्तिस्मा दाजींनी केला, बुडवलीही दाजींनीच. गाव हसलं. बसचं भाडं मी दिलेलं गाव.

पवित्र पाणी सोसत नाही असं इग्निशन बसवणाऱ्याच्या श्रद्धेतच खोट आहे. तसं त्याला ओरडून सांगितलं. संकल्प पुढच्या शर्यतीपासून.
फादर जाताना म्हणाले, रविवारी भेटूच.

१९ जुलै
नेविओशी बोलणं बंद. शेडमध्ये निरोप इरिदेमार्फत. तुझ्या भावाला सांग, गिअरबॉक्स उघड. ती म्हणाली, तो तुमच्या कोपराला लागून उभा आहे. मी म्हटलं, तरी सांग. त्याचा उलटा निरोप आला. इथे लिहिण्यासारखा नाही.

८ सप्टेंबर, मोंझा
पाचवे! चार पुढे जातात, आम्ही पाचवे. म्हणजे गाडी उत्तम आहे, चौथा आगाऊ आहे. ड्रायव्हर इव्हानोला विचारलं, ब्रेक कशाला दाबलास? म्हणाला, मालक, वळण होतं. या लोकांकडे प्रत्येक गोष्टीला सबब तयार.
अजून चार शर्यती आहेत. नेविओला शेडची स्वप्नं बघू दे.

५ नोव्हेंबर, रविवार
शेवटची शर्यत आज ऑस्ट्रेलियात आहे. आम्ही काल रात्री घरी पोचलो. तिथे शुक्रवारी ऊन भलत्याच बाजूने येत होतं.

सकाळी नेविओने टेबलावरून शेडची किल्ली उचलली. कित्येक महिन्यांनंतर थेट माझ्याशी बोलला: दाजी, गाडी अंगणात काढली आहे, वर ताडपत्री टाका. ताडपत्री टाकून मिस्साला गेलो.

चर्चच्या पुढच्या मिरवणुकीत छत्र धरायचा मान फादरांनी मला दिला. वेदीवरून कारणही सांगितलं. या वर्षी एकही रविवार न चुकवलेला गावात मी एकटाच आहे.