चर्चची मुदत

लाओआग, ३ मे २०२२

चि. एलिसेओ यास थोरल्या बहिणीचे, मनांग डोर्कासचे अ. उ. आ.

आपलं चर्च कायद्याने सात वर्षांपूर्वीच मेलंय, आणि कुणालाच पत्ता नाही. बाबांनी चर्च काढलं तेव्हा त्याच्या मंडळाच्या नोंदणीला वकील पन्नास वर्षांची मुदत घ्या म्हणत होता. बाबांनी हट्टाने पंचवीसच लिहिली. प्रभू त्याआधी येणारच, जास्त मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असं त्यांचं म्हणणं. प्रभू आला नाही, काकांचा अबनेर आला. मंडळ संपलं, म्हणजे त्याच्या वडिलांनी दान दिलेली जमीन परत त्याची, म्हणतो. पेट्रोल पंप टाकणार आहे मेला. चर्चच्या आवारातल्या आईच्या थडग्यावर गाड्या उभ्या राहतील.

मंडळ पुन्हा जिवंत करता येतं. हयात विश्वस्त तिघंच: मी, अबनेर आणि तू. दोन सह्या हव्यात. ताबडतोब ये, बागोओंगची खारवलेली मासळी घालून वांग्याची भाजी करीन.

लोभ आटला असेल तर इथे येऊन वाढव.
तुझी मनांग

मनिला, ११ मे

ती. मनांगला सा. न.

मी अजून विश्वस्त आहे, हे वाचून हसूच आलं. कॅथलिक कॉन्सुएलोशी लग्न केलं म्हणून बाबांनी भर उपासनेत नाव घेऊन मला हाकललं. बाकावरून उठवलं, कागदावरून काढायचं राहिलं वाटतं. तू ऑर्गन वाजवत होतीस, थांबलीसुद्धा नाहीस. अबनेर निदान फोनवर कॉन्सुएलोची चौकशी तरी करतो. मी सही करणार नाही. मेलंय ते मरू दे.

हा रागही लोभातच धरावा.
एलिसेओ

लाओआग, १६ मे

चि. एलिसेओ, आशीर्वाद देते, पण दात खाऊन.

अबनेरची चौकशी कसली? तुझी सही होऊ नये एवढ्यासाठी त्याला तुझ्या बायकोचा पुळका. काल माणसं आणून थडग्याभोवती चुन्याच्या रेघा मारून गेला. मी झाडू घेऊन धावले अंगावर. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, पण आईने तुझं काय वाकडं केलं होतं? तुझ्या लग्नाला ती एकटीच चोरून आली होती.

लोभाचं नंतर बघू.
डोर्कास

मनिला, २४ मे

ती. मनांगला सा. न.

सही केलेला अर्ज सोबत आहे. आधी सही कर आणि मग हवा तेवढा चिडत बस, असं कॉन्सुएलो म्हणाली. आईसाठी केली. बाबांसाठी नाही, तुझ्यासाठी तर नाहीच.

इथल्या वकिलाला मी आणखी एक विचारलं. तो म्हणाला, मेलेल्या मंडळाचा राजीनामा देता येत नाही. म्हणून आधी ते जिवंत करतोय. पाकिटात दुसरा कागद माझ्या राजीनाम्याचा आहे. मंजुरी आली की भर उपासनेत उभी राहून मोठ्याने वाच. तेव्हा तुम्ही मला काढलंत. या वेळी माझा मी जातोय.

लोभ तुझ्यावर आहे, चर्चवर नाही.
एलिसेओ