पेला वैऱ्याच्या हाती द्यावा

मी, खाली सही करणारी, प्राचीन पुराणकथांची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली किंवा नशेच्या अमलाखाली नसताना लिहून ठेवते. वकील म्हणाले, "नशेचं राहू द्या, तसं कोणी लिहीत नाही." पण सगळा विभाग जिला पाठीमागे ‘धुंदीबाई’ म्हणत आला, तिने ते लिहिलेलंच बरं. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. काही महिने उरलेत हे मात्र त्यांनी तोंडी सांगितलं, तेही खिडकीबाहेर बघत.

१. राहतं घर, आतल्या सामानासह, आणि बँकेतली ठेव धाकट्या बहिणीला द्यावी. माझं आजारपण तिने काढलं. भावानेही काढलं, पण फोनवरून. त्याने वाटणीबद्दल कुरकुर केल्यास त्याला माझा फोन द्यावा.

२. विभागाच्या ग्रंथालयाला माझं एकही पुस्तक देऊ नये, सगळी शहराच्या वाचनालयात जावीत. माझा प्रबंध विभागाने ‘व्यसनमुक्ती’च्या फळीवर ठेवला होता. मी भांडायला गेले तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, "बाई, तिथे निदान कोणी उघडतं तरी!" इतकं खरं त्या इमारतीत दुसरं कोणी बोललं नाही. पुस्तकांची लाकडी शिडी ग्रंथपालांना द्यावी.

३. भावाचा मुलगा ‘दिव्य पेय शिबिरं’ भरवतो. पांढरे कपडे, मंद दिवे, आणि माझा फोटो. मी एकदा जाऊन ते पेय चाखलं. आल्याचं पाणी होतं, साखर जास्त. "आत्या, लोकांना पुरावा नको असतो, अनुभव हवा असतो," असं त्याने मलाच शिकवलं. त्याला काही देऊ नये. माझा फोटो तिथून उतरवून आणावा.

४. आता पेला.

ज्यांना माझा विषय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. धान्याच्या देवीची लेक पाताळात नेली जाते, ती कथा. त्या देवीची दीक्षा घेणारे लोक अंधाऱ्या मंडपात जवाचं पेय पीत, काहीतरी पाहत, आणि मरेपर्यंत त्याबद्दल तोंडातून ब्र काढत नसत. माझं म्हणणं असं, की त्या जवावर नशा आणणारी काळी बुरशी वाढलेली असे आणि दर्शन तिच्यामुळेच घडे. मी स्वतः यातलं काही कधी घेतलं नाही. साक्षीदारानेच पिऊन यायचं नसतं.

माझ्या गुरूंनी उत्खननातला एक पेला रीतसर कागदांसह मला दिला. त्याच्या तळाला काळा थर आहे. तो खरवडला तर एकाच तपासणीला पुरेल. प्रयोगशाळा समितीच्या शिफारशीशिवाय नमुना घेत नाही, आणि समितीचे प्रमुख आहेत विभागातले माझे जुने सहकारी, आमचे भिंगवाले. दुसऱ्याच्या लेखातला चुकलेला स्वल्पविराम भिंग लावून शोधतात, म्हणून हे नाव. माझा अर्ज त्यांनी दर वेळी फेटाळला. वर चहाच्या वेळी सगळ्यांसमोर, "बाई, तुमचे देव जरा जास्तच घेतात हो!" लोक हसले. मीही हसले, आणि घरी येऊन रडले.

हा पेला त्यांनाच द्यावा.

बहीण म्हणाली, "ताई, डोकं फिरलंय का तुझं? ज्याने तुला आयुष्यभर पाण्यात पाहिलं त्याला?" हो, त्यालाच. विद्यार्थ्यांना दिला तर माझ्या प्रेमापोटी हवं ते सापडेल. मी पाठवला तर सापडलेलंही कोणी मानणार नाही. भिंगवाले खत्रूड आहेत, कोत्या मनाचे आहेत, पण आकडा बदलणारे नाहीत. त्यांना बुरशी सापडली तर ती जगाला सापडली. नुसतेच जव निघाले, तर माझं सगळं आयुष्य चुकलं, आणि तेही त्यांनी छापावं. अट एवढीच: थर त्यांनी समोर उभं राहून तपासून घ्यावा, आणि निकाल आधी माझ्या बहिणीला वाचून दाखवावा. हसू नये.

मला हे उत्तर फार हवं होतं. ते न कळता जावं लागतंय, याचा राग येतो.

एका वर्षात त्यांनी तपासणी केली नाही, तर कलम तीन काहीही म्हणो, पेला माझ्या भाच्याच्या शिबिराला द्यावा. तिथे तो आल्याच्या पाण्याने भरून पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांत फिरवला जाईल, आणि त्याचं सत्य धुऊन जाईल. भिंगवाले, हे तुम्हाला सहन होणार नाही. मला तर नाहीच होणार, पण मी नसेन. तुम्ही असाल.

अंमलबजावणी वकिलांनी करावी.

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर (सही)
२. कोपऱ्यावरचे औषधविक्रेते (सही)
दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळत नाही.

लिहून ठेवणार: (सही)
ठिकाण: राहतं घर, अभ्यासाची खोली
दिनांक: शिक्क्यावर आहे तोच