पुराची रेघ

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यानंतर लोकांना जुनी घरं दाखवायची पहिली रविवारची फेरी परवा मी काढली. त्यात असं काही झालं की तुम्हाला विचारल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहिते आहे.

कामठीतली घरं माझी पहिली शाळा. शाळेत नाव घालायच्या आधीच तुम्ही मला कमानींवर कोरलेल्या नावांवरून अक्षरं शिकवलीत. ‘ख’ मी विडीच्या जुन्या वखारीवर शिकले. तिथला ‘ख’ अर्धा झिजलाय, म्हणून मी कितीतरी दिवस तो तसाच अर्धा काढायची, आठवतं?

परवा चर्च झालं, खांबांचा बंगला झाला, घाट झाला. शेवटी शेवंताकाकूंचं दगडी जोत्याचं घर. तिथल्या भिंतीवरच्या लाल रेघेवर मी तुमच्यासारखाच हात ठेवला आणि तुमचंच वाक्य म्हटलं, "मोठ्या पुरात कन्हानचं पाणी इथवर आलं होतं."

फेरीत एक नवराबायको होते. मनीषनगरला भाड्यानं राहतात, इथं मागच्या गल्लीत प्लॉट घेतलाय. कंत्राटदार म्हणतो बुटकं जोतं पुरे, आणि त्यांच्याकडे रांगतं बाळ आहे. त्यांनी रेघेची उंची मोजून घेतली. माझ्या शब्दावर, बाबा.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं. लहानपणी त्या रेघेवर हात ठेवायला तुम्ही वाकायचात. मला तर हात वर करावा लागला होता. मी बुटकी खरी, पण इतकी?

संध्याकाळी पुन्हा काकूंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. रेघ हललीय का, असं विचारलं तर हसायलाच लागल्या.

"ते पाण्याची कुठची वं? रंग मारला का मिटते. मंग आम्हीच काढतो, अंदाजानं. कमी पडू नये म्हणून जराशी वर."

म्हणजे दरवेळी जराशी वर. सासऱ्यांनी काढली, दिरांनी काढली, मग काकूंच्या मुलानं. त्यात तो मुलगा ताडमाड!

मी विचारलं, बाबांना हे माहीत होतं?

"तुह्या बाबाले? मीच सांगतलं होतं. म्हटलं, भाऊजी, रेघ लय चढून राहिली. तं म्हणे, चढू द्या वहिनी, फक्त खाली आणू नका."

काहून नाही सांगितलंत मला? खोट्या वाक्याला तुम्हीच किती चिडायचात. की खरं कळलं तर लोक जोतं बुटकं बांधतील, अशी भीती वाटली? वाटली असेल. नदीकाठी राहणाऱ्याला ती वाटतेच. पण ती भीती माझ्याबरोबर वाटून घ्यायला काय हरकत होती?

मी त्या दोघांना फोन केला. खरं ते सांगितलं, आणि चुकीचं बोलले म्हणून माफी मागितली. त्यानं विचारलं, "मग खरं पाणी कुठवर आलं होतं, ताई?"

मला माहीत नाही, असं सरळ सांगितलं. रेघेच्या खालीच कुठंतरी, एवढं म्हटलं. आणि हेही सांगितलं की ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं, त्यांच्यापैकी एकालाही ती खाली काढावीशी वाटली नाही.

मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "मंग आपणबी रेघेच्या वरच घेऊ ना जी. कंत्राटदार रडन तं रडू द्या."

बाबा, तुम्ही लोकांवर जरा कमी विश्वास ठेवलात. रागावून म्हणत नाही. तुमच्या जागी मीही कदाचित गप्प बसले असते.

पण यापुढे नाही. दर रविवारी त्या भिंतीशी उभी राहून सांगेन की ही रेघ पाण्यानं नाही, पाणी पाहिलेल्या माणसांनी काढलीय. आणि तरीही कुणी बुटकं जोतं बांधायला घेतलं, तर त्याच्या दारात जाऊन भांडेन. हा माझा शब्द.

तुमची, दहादा विचारून तुम्हाला भंडावणारी,
मीनल