कारखाना क्रमांक सात

ता. ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. भावजींची कंबर कशी आहे? माझा खोकला आहे तसाच.

इथे नुसता वैताग आहे. एक जाकीट किती देशांतून, किती हातांतून फिरतं आणि कोणाच्या पदरात काय पडतं, हे शोधण्यात माझी बावीस वर्षं गेली. अहवाल लिहायचे, परिषदेत टाळ्या घ्यायच्या, मग ते कपाटात धूळ खातात. काल विभागप्रमुख म्हणाले, आता कारखान्यांची प्रगती दाखवणारा तक्ता करा. माझं डोकंच फिरलं. कसली प्रगती? कापड बाहेरचं, बटणं बाहेरची, नमुना बाहेरचा. आपण बावीस वर्षांपूर्वीही नुसते शिवत होतो, आजही नुसते शिवतोच.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तीनदा लिहून फाडलं.

तू लिहिलं होतंस, जाकिटाच्या चेनीला मेण लावता हे कुणीतरी बाहेर सांगितलं, जाकिटं विकत घेणाऱ्या कंपनीने ऑर्डर काढून घेतली आणि तुमची शिवणाची अख्खी लाइन बंद झाली. चष्मेवालीनेच चुगली केली असं सगळ्याजणींनी ठरवलंत. चौदा वर्षं शेजारच्या मशीनवर बसलेल्या तिच्याशी तू बोलणं टाकलंस.

ताई, गेल्या वर्षी मी कारखाना बघायला आलो, तेव्हा चेन अडकू नये म्हणून तू तिच्या दातांवरून मेणबत्तीचा तुकडा फिरवत होतीस. कंपनीच्या नियमात ते बसत नव्हतं, पण तुमचं एकही जाकीट परत येत नव्हतं. मला केवढा अभिमान वाटला! अहवालात मी तुझं नाव लपवलं, कारखान्याचं लपवलं, 'कारखाना क्रमांक सात' लिहिलं. आणि त्या मेणबत्तीवर मात्र कौतुकाने अर्धं पान खरडलं.

कंपनीने ते पान वाचलं. मेणाच्या चेनी कुठून येतात हे हुडकायला त्यांना एक दिवस पुरला. त्यांच्याच माणसाने मला फोनवर सांगितलं, वर आभार मानले. बावीस वर्षांत माझं लिखाण कुणी नीट वाचलं असेल, तर त्यांनीच.

हे मला दोन महिने माहीत आहे. विभागप्रमुखांना सांगितलं तर म्हणाले, "नाव तर दिलं नव्हतं ना? मग झालं." माझी मलाच शरम वाटते, ताई. तुझं काम मला परत आणता येत नाही.

हे पत्र चष्मेवालीला वाचून दाखव. ते जमणार नसेल तर पाकिटासकट तिच्या हातात दे. चुगली तिने केली नाही, मी केली.

आधी तिच्याशी बोल. माझ्याशी नंतर, बोलावंसं वाटलं तर.

तुझा धाकटा