थोरलीचे तीन फिल्टर

३ जानेवारी, सकाळ
चिमणीचं लग्न २८ला. ठरवलं: तिला हॉलवर आपल्या जुन्या गाडीतूनच न्यायचं. चालवणार मी. स्वतःच्या लग्नाला मी टेम्पोत मागे, भाड्याच्या खुर्च्यांबरोबर बसून गेलो होतो. लेकीचं तसं होणे नाही.

गाडी माझ्याहून वयाने मोठी, म्हणून घरात तिला थोरली म्हणतात. ही म्हणते, थोरली अजून घरातच आणि धाकटीची कसली घाई. हसलो नाही.

थोरलीला पेट्रोलचा पंप नाही. टाकी वर, इंजिन खाली. पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. वाटेत गाळायला एक पितळी जाळी, चहाच्या गाळणीएवढी. बघून लाज वाटली. सायकलवर पाण्याचे फिल्टर विकत कारखाना उभा केला, आणि माझीच गाडी गाळणीवर.

४ जानेवारी
जाळी काढली. कारखान्यातला एक नंबरचा फिल्टर बसवला. पितळी डबी, आत दाट कागदाची गुंडाळी. नळाचं पाणी याच्यातून काचेसारखं निघतं. व्याह्यांना फोन करून कळवलं. त्यांच्याकडेही अशीच गाडी. जाळीवर चालवतात, बिचारे.

६ जानेवारी
ट्रायल. चौकापर्यंत झकास. चौकात बंद. मागे बस. बसवाल्याने माझ्या वडिलांचा उद्धार केला. त्याला समजावलं की बाबा, मुलीच्या लग्नाची गाडी आहे. म्हणाला, मग मुलगी म्हातारी होणार. जरा थांबल्यावर आपोआप चालू. बँकेपाशी पुन्हा बंद.
निदान: पेट्रोलमध्ये घाण.
उपाय: दुसरा फिल्टर, पहिल्याला जोडून.

९ जानेवारी
आता चौकाच्या आधीच थांबते. म्हणजे घाण वाटली त्याहून जास्त.
चिमणीने मत दिलं. नळाच्या पाण्यामागे जोर असतो, बाबा. इथे पेट्रोल नुसतं घरंगळतं, ते एवढ्या कागदातून कसं जाईल. इंजिन उपाशी राहतंय म्हणे. हुशार आहे, पण धंद्याचा अनुभव नाही.

१५ जानेवारी
तिसरा फिल्टर बसवला. तिन्ही ओळीने काय शोभतात.
थोरली फाटकात थांबली. अर्धी आत, अर्धी बाहेर. मेव्हण्याने ढकलली. म्हणाला, दाजी, फिल्टर तुम्ही विकता आणि भोगते ही. त्याला लग्नात मागच्या रांगेत बसवायचं.

२२ जानेवारी
हिने टॅक्सी सांगून ठेवल्याचं कळलं. मला न विचारता. जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.
चिमणीने तोडगा काढला. २७ला हॉलपर्यंत एकदा न थांबता नेऊन दाखवा, मी थोरलीतूनच येते. नाहीतर टॅक्सी. मंजूर केलं. मनात आता थोडी धाकधूक. ती फिल्टरबद्दल नाही, पेट्रोलबद्दल.

२७ जानेवारी
सकाळपासून चिमणी गॅरेजमध्ये. दार लावून थोरलीला पुसत होती. बाहेर आली तेव्हा हातांना पेट्रोलचा वास आणि हिची सुरी तिच्या खिशात. लग्नाच्या आदल्या दिवशी एवढे कष्ट. गुणी पोर. शेवटी वडिलांचं पटलं.
दुपारी ट्रायल. न थांबता हॉल. न थांबता परत. तिन्ही फिल्टर जागेवर.
टॅक्सी रद्द. हिला एवढंच म्हटलं, बघ.

२८ जानेवारी
नेली. चौकात मुद्दाम हॉर्न दिला. चिमणी मागे बसून आरशात माझ्याकडे बघत होती. डोळे भरले होते, माझे. समोरचं धूसर दिसत होतं, तरी थांबलो नाही.
हॉलमध्ये फिल्टरवर चार शब्द बोललो. माइक मध्येच बंद पडला. मेव्हणा त्याच्याजवळच उभा होता. व्याह्यांना तीन फिल्टर भेट दिले. चिमणी जावयाच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघांनाही खोकला आला.

४ फेब्रुवारी
व्याह्यांचा फोन, भर बाजारातून. तिन्ही फिल्टर लावल्यापासून गाडी पावलागणिक बसते. सांगितलं, तुमच्याकडचं पेट्रोल घाण. चौथा पाठवतो. त्यांचं म्हणणं, पाठवू नका. उद्या येतो आणि तुमची गाडी कशी चालते ते उघडून बघतो. जरूर या म्हटलं. स्टेशनवर घ्यायला थोरलीच आणतो.

५ फेब्रुवारी, सकाळ
पाहुण्यांना घाण दाखवावी म्हणून आधी स्वतः उघडून बघितलं. पहिली डबी रिकामी. दुसरी रिकामी. तिसरीत फुंकर मारली, ती आरपार गेली. कागद औषधाला नाही. कडेला सुरीचे ओरखडे.
हिने स्वयंपाकघरातून विचारलं, काय निघालं आत. म्हटलं, काही नाही. खोटं बोललो नाही.
व्याह्यांसमोर रिकामी डबी उघडायची? कारखान्याच्या मालकाने? तिन्हींत नवा कागद भरला. ठासून.

५ फेब्रुवारी, थोड्या वेळाने
चौकात लिहितोय. व्याही स्टेशनवर उभे असतील. मागे बस आहे.
बसवाल्याने ओळखलं. उतरून जवळ आला आणि लग्न कसं झालं विचारलं. म्हटलं, झकास, मुलीला याच गाडीतून नेलं. त्याने थोरलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, ढकलत?