समुद्राकडची भिंत

३ मे, रविवार

घर विकायचं ठरलं. चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर ब्लॉनिदला फोन करून सांगितलं, तर पोरगी गॉलवेत अक्षरशः नाचली असावी. “आई, तुझी खोली तयार आहे. पडदेसुद्धा लावलेत!” पडदे कोणत्या रंगाचे, ते विचारायचं राहिलं.

घेणारे डब्लिनचे, श्रीयुत हॅनराटी. सज्जन वाटले. दारातून आत येताना डोकं आपटलं, तरी हसले. सह्या महिनाअखेरीस.

म्हणजे माझ्याकडे चार आठवडे आहेत. अडतीस वर्षांपूर्वी या टोकावरच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले, कोलमनशी लग्न करून इथलीच झाले, आणि अजून अर्धा किनारा पाहिलेला नाही! आधी शाळा, मग ब्लॉनिद, मग कोलमनची फुप्फुसं. तो जाऊनही सहा वर्षं झाली. ते काही नाही – जाण्याआधी सगळा किनारा एकदा पायाखालून घालायचा. शेवंड धरायच्या पिंजऱ्यांच्या धक्क्यापासून पश्चिमेच्या पडक्या टेहळणी बुरुजापर्यंत.

५ मे, मंगळवार

पहिली फेरी. धक्क्यावर फेस्टी भेटले. तीस वर्षं कोलमनचे बोटीतले भागीदार. आता बोट नातीच्या हातात आहे, पण धक्का सोडवत नाही.

“मास्तरीणबाई, एकट्याच? पाय घसरला तर घर विकणार कोण?”

“मग चला की सोबत.”

“मला कुठे काम आहे,” म्हणाले आणि हातातलं काम टाकून निघाले.

दक्षिणेच्या उतारावर दुष्काळात ओस पडलेल्या वाडीचे अवशेष आहेत. अकरा घरं मोजली. छपरं नाहीत, चुली आहेत. वर डोंगरभर बटाट्याचे जुने वाफे, हिरव्या कॉर्डरॉयसारखे. ज्या वर्षी पीक कुजलं त्या वर्षापासून तिथे फावडं लागलेलं नाही. एका घराच्या उंबऱ्यावर बसून आम्ही भाकरी-लोणी खाल्लं. वाईट वाटायला हवं होतं. पण ऊन इतकं छान होतं, आणि त्या लोकांनाही मे महिन्यात इथे असंच बसावंसं वाटत असणार.

फेस्टींना प्रत्येक खडकाचं नाव पाठ! म्हातारीचा दात. तिघी बहिणी. पाद्र्याची खुर्ची. एका चपट्या दगडाचं नाव त्यांनी सांगितलं आणि लगेच माफी मागितली. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईसमोर म्हणे ते बोलू नये. मी ते घरी येऊन मोठ्याने म्हणून पाहिलं!

८ मे

दिवसभर पाऊस. समुद्री शेवाळ दुधात उकळून, साखर घालून खाल्लं. गुडघे बोलताहेत. मजेत आहे.

१२ मे, मंगळवार

आज माझ्या घराला सफेदी. दरवर्षीचा दिवस. शेवंडांचे पिंजरे पाण्यात जाण्याआधी बोटवाले सगळे मिळून माझ्या घराची समुद्राकडची भिंत चुन्याने पांढरी करतात. फक्त तीच. बाकीच्या तीन भिंती आमच्या आम्ही बघायच्या. कोलमनच्या आजोबांच्या वेळेपासूनचा रिवाज आहे. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली दोन खडक आहेत. बोटीतून माझी पांढरी भिंत आणि मागचा बुरुज एका रेषेत आले, की त्या रेषेवरून सरळ आत यायचं. रेष सुटली की बोट गेली.

मी मनुकांचे दोन केक केले होते. ज्याचा पट्टा शेवटी पूर्ण होईल त्याने गायचं, अशी शिक्षा. यंदा फेस्टी शेवटी राहिले आणि आवाज फाटेपर्यंत गायले. नात सोरखा कानात बोटं घालून उभी. “आजोबा, मासे पळतील!”

चहा घेताना मी सहज म्हटलं, हॅनराटी ही भिंत पाडून अख्खी काच लावणार आहेत, समुद्र दिसावा म्हणून.

फेस्टींनी कप खाली ठेवला.

“काच?”

“हो.”

“मग आम्ही आत यायचं ते कशाच्या भरवशावर?”

माझ्या मनातच आलं नव्हतं! इतकी वर्षं त्या भिंतीच्या आत झोपले, आणि ती माझी एकटीची नाही हे विसरले.

१३ मे

हॅनराटींना पत्र टाकलं. घर तुमचं, पण ती भिंत पांढरीच राहील, ही अट.

१९ मे, मंगळवार

बुरुजापर्यंत पोचले! फेस्टी सोबत होतेच. चढावर आम्ही दोघंही आळीपाळीने देखावा बघायला थांबत होतो, म्हणजे धापा टाकायला.

फ्रेंच येतील या भीतीने इंग्रजांनी तो बांधला. फ्रेंच काही इथे आले नाहीत. मेंढ्या आल्या, त्या अजून आहेत. खालच्या उतारावर पांढऱ्या दगडांत देशाचं नाव मांडलेलं आहे, दुसऱ्या महायुद्धात हा तटस्थ देश आहे हे वरून जाणाऱ्या विमानांना कळावं म्हणून. ते दगड फेस्टींच्या वडिलांनी पाठीवरून वाहिले. एक अक्षर गवताने गिळलंय. आम्ही दोघांनी वाकून थोडं गवत उपटलं आणि मग दोघांनाही सरळ होता येईना! हसून हसून पुरेवाट.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनिग्नस आमच्याकडून या किनाऱ्याचा नकाशा काढून घेत. नेमका याच टोकावर माझ्या शाईचा डाग पडला. “पुसू नकोस,” त्या म्हणाल्या, “त्या बाजूला तसंही कुणी जात नाही.” सिस्टर, बघा, मी डागात उभी आहे. कड्यावर गुलाबी फुलं आली आहेत, आणि खाली पक्ष्यांचा एवढा गोंगाट, की वर्ग सुटल्यासारखा.

२२ मे, शुक्रवार

हॅनराटींचा फोन. नम्र, पण ठाम. “बाई, काच नाही तर मी समुद्र काय भिंतीतून बघू?” व्यवहार मोडला.

मग ब्लॉनिद. “एका भिंतीसाठी, आई?”

“बोटी आहेत ना गं.”

“बोटी! आणि मी? दर थंडीत तू जिन्यावर पडलीस की काय या धास्तीने फोन करणारी मी?”

रडली. मीही. मग म्हणाली, “पडदे निळे आहेत,” आणि फोन ठेवला.

खरं लिहू? पोरीचं वाईट वाटलं. आणि तरी संध्याकाळी भांडी घासताना मी गुणगुणत होते. मला इथे राहायला कारण मिळालं होतं, आणि ते माझं स्वतःचं नव्हतं. कुणी मला हट्टी म्हणू शकणार नव्हतं.

२७ मे, बुधवार

उत्तरेचे कडे पायी होत नाहीत, म्हणून सोरखाने बोटीतून दाखवले. काय ते कडे! काळे, सरळ, वरून पाणी पडतंय आणि वारा ते परत वर उडवतोय. एका गुहेत तिने इंजिन बंद केलं. आत समुद्राचा श्वास ऐकू येतो. तीन सील आमच्याकडे कंटाळलेल्या पोरांसारखे बघत होते.

परतताना बंदराच्या तोंडाशी मी उभी राहिले. माझी भिंत! पांढरीशुभ्र, मागे बुरुज, बरोब्बर रेषेत. अभिमानाने ऊर भरून आला. वळून पाहिलं, तर सोरखाचं तिकडे लक्षच नाही. ती समोरच्या यंत्राच्या छोट्या पडद्याकडे बघत होती. त्यावर दोन्ही खडक, खोली, आमची बोट, सगळं.

“भिंत नाही बघत तू?”

“कशाला, बाई? हा आहे ना. सगळ्याच बोटींवर आहे, पाच वर्षं झाली.” हसली. “पहिला तर आजोबांनीच आणला!”

“मग सफेदी?”

तिचं हसू गेलं. पोर कानापर्यंत लाल. “ते... त्यांनाच विचारा.”

२८ मे, गुरुवार

विचारलं. ते धक्क्यावर पिंजरा विणत बसले होते.

“खोटं बोललात.”

“नाही बोललो. मी बोटीत असलो की भिंतच बघतो.”

“पडदा असताना?”

“पडद्यावर खडक दिसतात.” जाळीची गाठ मारली, चुकली, सोडली. “तुमच्या धुराड्यातून धूर निघतोय का, ते नाही दिसत.”

मी चिडलेच होते. म्हटलं, माझ्या मुलीला रडवलं मी तुमच्या भिंतीपायी!

“ते चुकलं,” म्हणाले. पहिल्यांदाच वर बघितलं. “कोलमन गेल्यावर बाकीच्यांनी चुन्याचं बंद करू म्हटलं. मी म्हटलं, वर्षातून एकदा तरी तिच्या दारात जायला निमित्त हवं. आता निमित्त पुरे. विका घर. पोरीकडे जा. आम्हाला काही अडत नाही.”

त्यांची बायको जाऊन वीस वर्षं झाली. इतकी वाक्यं सलग त्यांनी बोललेली मी कधी ऐकली नव्हती. मी तशीच घरी आले.

२९ मे

कुठेही गेले नाही. चहा तीनदा केला, तीनदा गार झाला. कोणी अडवत नाही. कोणाला माझी गरज नाही. आता जे करीन ते माझंच.

३० मे, शनिवार

हॅनराटींना फोन केला. त्यांची अजून तयारी आहे. सोमवारपर्यंत कळवा म्हणाले.

१ जून, सोमवार

कळवलं. भिंत पाडा, हवी तेवढी काच लावा. घर दिलं. ब्लॉनिदचे निळे पडदे पाहुणी म्हणून बघायला जाईन. मुक्काम धक्क्यामागे, फेस्टींच्या घरी. जिना नाही, एकटेपण नाही. लग्नाचं मीच विचारलं. त्यांनी विचारावं म्हणून थांबले असते तर शंभरी आली असती! “फादरना विचारून, रीतसर,” हेही सांगितलं.

“विचार करतो,” म्हणाले. टोपी काढली, परत घातली. “केला. हो.”